अभिजात मराठी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न आणि जरा सविस्तर उत्तरं

३ ऑक्टोबर २०२४ ला बातमी आली आणि त्या रविवारी आमच्या वाचनालयातल्या मोडी या जुन्या लिपीच्या वर्गात मोडी बाजूलाच राहिली. सगळ्यांच्या तोंडी एकच विषय: मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आता पुढे काय? मग २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदी शिकवण्यावरून राज्यभर वाद पेटला आणि तेच प्रश्न जास्त धारदार होऊन परत आले. मी हा वर्ग बरीच वर्षं घेते आहे. तिथे, लग्नाच्या पंगतीत आणि गाडीत शेजारी बसलेल्यांकडून पुन्हा पुन्हा ऐकलेले प्रश्न इथे घेतले आहेत. ज्या प्रश्नाला लांब उत्तर लागतं तिथे लांबच दिलं आहे.

दर्जा मिळाला म्हणजे नक्की काय झालं?

केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठी, पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या पाच भाषांना एकाच दिवशी अभिजात म्हणून मान्यता दिली. त्याआधी सहा भाषा या यादीत होत्या: तमिळ (२००४), संस्कृत (२००५), कन्नड आणि तेलुगू (२००८), मल्याळम (२०१३) आणि ओडिया (२०१४). आता एकूण अकरा झाल्या.

हा दर्जा राज्यघटनेतला नाही. आठव्या अनुसूचीशी किंवा राजभाषेशी त्याचा संबंध नाही. 'अभिजात भाषा' हा वर्गच मुळी केंद्र सरकारने ऑक्टोबर २००४ मध्ये तयार केला. भाषेच्या जुन्या वाङ्मयाचा अभ्यास आणि जतन व्हावं एवढाच त्याचा हेतू आहे. हे एवढं वाक्य लक्षात ठेवलं तर पुढचे निम्मे गोंधळ आपोआप मिटतात.

निकष मधेच बदलले म्हणतात. खरं आहे का?

खरं आहे, आणि दोनदा बदलले. २००४ मध्ये हजार वर्षांपेक्षा जुनं वाङ्मय एवढी वयाची अट होती. वर्षभरात ती दीड ते दोन हजार वर्षांवर नेली. त्यासोबत आणखी अटी होत्या. पिढ्यान्‌पिढ्या ठेवा मानलं गेलेलं प्राचीन साहित्य हवं. साहित्यपरंपरा स्वतःची हवी, दुसऱ्या भाषेकडून उसनी घेतलेली नको. आणि जुनी भाषा व आजची भाषा यांत अंतर असू शकतं, हेही त्यात मान्य केलेलं होतं.

जुलै २०२४ मध्ये केंद्राच्या तज्ज्ञ समितीने यातली 'परंपरा स्वतःची हवी' ही अट काढली. तिच्या जागी ज्ञानग्रंथ, पद्याबरोबर गद्य आणि शिलालेख-ताम्रपटांचा पुरावा ही अट आली. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत पाच भाषांना एकदम दर्जा मिळाला आणि महाराष्ट्रात तेव्हा विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. त्यामुळे 'निकष सैल केले' अशी टीका झाली आणि ती उडवून लावण्यासारखी नाही. तरी माझं मत वेगळं आहे. 'उसनी नसलेली परंपरा' ही अट कुठल्याच जिवंत भाषेला प्रामाणिकपणे लावता येत नाही. भाषा एकमेकींच्या शेजारीच वाढतात. आणि गद्याची अट तर मराठीच्या हिताचीच होती, कारण तेराव्या शतकात मराठीत जे गद्य लिहिलं गेलं त्याच्या तोडीचं त्या काळातलं गद्य आसपासच्या भाषांत सहज सापडत नाही.

मग इतकी वर्षं का लागली?

राज्य शासनाने जानेवारी २०१२ मध्ये रंगनाथ पठारे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि २०१३ मध्ये प्रस्ताव केंद्राकडे गेला. केंद्राच्या तज्ज्ञ समितीने मराठीची शिफारसही केली. २०१७ मध्ये मंत्रिमंडळापुढे ठेवायच्या टिपणावर मंत्रालयांचा विचारविनिमय झाला, तेव्हा गृह मंत्रालयाने निकष अधिक कडक करण्याचा सल्ला दिला. आणखी किती भाषा पात्र ठरतील ते आधी पाहा, असं पंतप्रधान कार्यालयाने सुचवलं. फाइल तिथे थांबली. मधल्या काळात बिहार, आसाम आणि पश्चिम बंगालचेही प्रस्ताव आले.

आधीच्या काही भाषांच्या दर्जाविरुद्धची याचिका मद्रास उच्च न्यायालयात होती, म्हणून मराठीचं अडलं, असंही सांगितलं जायचं. पण ती याचिका २०१६ मध्येच फेटाळली गेली होती. पुढची आठ वर्षं तिच्या नावावर टाकता येत नाहीत.

पठारे समितीच्या अहवालासाठी जीव ओतून काम केलेले अभ्यासक हरी नरके ऑगस्ट २०२३ मध्ये गेले. चौदा महिने आणखी मिळते तर त्यांनी हा दिवस पाहिला असता. ही चुटपुट आमच्या वर्गात दर ऑक्टोबरला कुणी ना कुणी बोलून दाखवतंच.

मराठी खरोखर दोन हजार वर्षं जुनी आहे का, की हे आपलं कौतुक?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि 'हो' किंवा 'नाही' इतक्यात तो सुटत नाही.

जुन्नरजवळच्या नाणेघाटापासून सुरू करू. कोकणातून वर येणाऱ्या त्या घाटवाटेवर सातवाहनांच्या काळातलं लेणं आहे. त्याच्या भिंतींवर राणी नागनिकेचा मोठा लेख आहे, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकाच्या आसपासचा. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. केलेल्या यज्ञांची आणि दिलेल्या दक्षिणेची यादी त्यात आकड्यांसकट आहे. मागच्या भिंतीशी राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्या गेल्या, त्यांच्यावरची नावं राहिली, आणि त्यातल्या एका नावामागे 'महारठि' हा शब्द आहे. पावसाळ्यात तिथे भज्यांच्या गाड्या आणि गर्दी असते. त्या गर्दीतून आत जाऊन भिंतीवरची अक्षरं निरखणारा एखादाच.

आता त्या लेखाची भाषा मराठी म्हणायची का? आजच्या अर्थाने नाही. तुम्हाला-मला ती शिकल्याशिवाय कळत नाही. पण सातवाहन राजा हाल याच्या 'गाथासप्तशती' या काव्यसंग्रहाची महाराष्ट्री प्राकृत, मग अपभ्रंश आणि पुढे मराठी, अशी ही ओळ आहे. पठारे समितीची मांडणी अशी की हे एकाच भाषेचे टप्पे आहेत. आजोबांचा बालपणीचा फोटो नातवाला ओळखता येत नाही, पण माणूस तोच असतो. ही मांडणी अमान्य असणारे अभ्यासकही आहेत. त्यांच्या मते महाराष्ट्री प्राकृत ही पुष्कळशी साहित्यातली, नाटकांमधून भारतभर वापरली गेलेली भाषा होती. तिच्यावर एकट्या महाराष्ट्राचा हक्क सांगता येत नाही.

ज्याला कुणीही 'ही मराठीच' म्हणेल असा पुरावा मात्र साधारण हजार वर्षांचा आहे. अलिबागजवळच्या अक्षीच्या लेखात शके ९३४, म्हणजे १०१२ हे साल वाचलं जातं. सोलापूर जिल्ह्यात हत्तरसंग कुडलला शके ९४० चा लेख आहे. कर्नाटकात श्रवणबेळगोळला गोमटेश्वराच्या पायाशी 'श्रीचावुण्डराजें करवियलें' ही ओळ आहे. ती शाळेत आपण सगळ्यांनी पाठ केली. ती दहाव्या शतकातली की नंतर कोरलेली यावर मतभेद आहेत. पण 'करवियलें' हा शब्द वाचताना आजही 'करवलं' असंच मनात उमटतं, आणि हजार वर्षांपूर्वीचा माणूस शेजारी उभा असल्यासारखा वाटतो.

म्हणून माझं उत्तर असं: मराठीची मुळं दोन हजार वर्षांपलीकडे जातात, आणि ओळखू येईल अशी मराठी हजार वर्षांची आहे. दोन्ही वाक्यं एकत्रच सांगावीत. त्यातलं दुसरं वाक्य लाज वाटावी असं मुळीच नाही.

प्राकृतलाही त्याच दिवशी दर्जा मिळाला. मग गाथासप्तशती कुणाची?

दोघींची. वारसा म्हणजे जमिनीचा तुकडा नव्हे, एकाच्या सातबाऱ्यावर चढला म्हणून दुसऱ्याचा हक्क जायला. खरी अडचण व्यवहारातली आहे. प्राकृत शिकवणारे आपल्याकडे फार थोडे उरले आहेत. मराठीत एम.ए. केलेल्या बहुतेकांनी प्राकृताचं एक पानही मूळातून वाचलेलं नसतं. दर्जाचा उपयोग करून मराठी विभागांतून प्राकृत पुन्हा शिकवली गेली, तर या प्रश्नाचं उत्तर कागदावर शोधावं लागणार नाही.

मराठी संस्कृतची मुलगी ना?

नातं जवळचं आहे, पण वाट प्राकृतातून आली आहे. शब्द पुष्कळ संस्कृतातून घेतले, द्रविड भाषांकडून घेतले, पुढे फारसी आणि पोर्तुगीजमधूनही घेतले. आईचं नाव एकच सांगा असा आग्रह असेल तर प्राकृत म्हणा.

दरवर्षी पाचशे कोटी रुपये मिळणार म्हणे?

व्हॉट्सअ‍ॅपवर कधी तीनशे कोटी फिरतात, कधी पाचशे. दर्जाच्या निर्णयात असा ठरावीक वार्षिक आकडा नाही. योजनेत तीन गोष्टी आहेत. अभिजात भाषेतल्या मोठ्या अभ्यासकांसाठी दरवर्षी दोन आंतरराष्ट्रीय पुरस्कार. त्या भाषेच्या अभ्यासाचं केंद्र. आणि केंद्रीय विद्यापीठांत त्या भाषेची अध्यासनं सुरू करावीत अशी विद्यापीठ अनुदान आयोगाला विनंती.

तमिळसाठी चेन्नईत स्वतंत्र केंद्रीय संस्था आहे. संस्कृतसाठी २०२० मध्ये कायदा करून तीन केंद्रीय विद्यापीठं झाली. कन्नड, तेलुगू, मल्याळम आणि ओडिया यांची केंद्रं म्हैसूरच्या भारतीय भाषा संस्थानाच्या छत्राखाली उभी राहिली. म्हणजे मागे लागणाऱ्यांना जास्त मिळतं, हे इतिहासच सांगतो. पैसा आपोआप चालत येत नाही. अभ्यासकांनी प्रकल्प मांडावे लागतात, राज्याने पाठपुरावा करावा लागतो, आणि तेवढी तयारी असलेली माणसं आधी हाताशी असावी लागतात.

अभिजात म्हणजे जुनी, ग्रांथिक भाषा. मग माझ्या बोलीचं काय?

हा प्रश्न वर्गातल्या एका वऱ्हाडच्या मुलीने विचारला होता. तिच्या आवाजात जरा दुखावलेपण होतं. पुण्या-मुंबईत आल्यावर तिच्या बोलण्याला लोक हसले होते. तिला मी आमच्या वर्गातला एक जुना खेळ दाखवला: ज्ञानेश्वरीतला शब्द घ्यायचा आणि तो आज कुठे जिवंत आहे ते शोधायचं. ज्ञानेश्वरीत औषधाला 'वोखद' म्हटलं आहे. शहरी मराठीतून तो शब्द गेला, कोकणीत 'वखद' रोज बोलला जातो. 'रांधणं' शहरातल्या स्वयंपाकघरातून हद्दपार झालं, खेड्यांत चुलीजवळ टिकलं.

जुनी मराठी जपली ती बोलींनी. प्रमाणभाषा ही तर एकोणिसाव्या शतकात शाळा आणि छापखान्यांसाठी घडवलेली, त्या मानाने अलीकडची गोष्ट. अभिजातपणाचा आधार घेऊन कुणी कुणाची बोली अशुद्ध ठरवत असेल, तर त्याने जुनी मराठी वाचलेली नाही एवढंच मी खात्रीने सांगेन. आणि महानुभाव पंथाचे संस्थापक चक्रधर यांचे शिष्य नागदेवाचार्य यांनी संस्कृतात प्रश्न विचारणाऱ्या पंडित शिष्याला काय सांगितलं होतं? तुमचं ते 'अस्मात् कस्मात्' मला कळत नाही, मला चक्रधरांनी मराठीत सांगितलं, मराठीतच विचारा. लोकांच्या बोलीसाठीचा तो आग्रह सातशे वर्षांपूर्वीचा आहे.

दर्जा दिला आणि सहा महिन्यांत पहिलीपासून हिंदी आणली. हे कसं?

घटना क्रमाने पाहू. १६ एप्रिल २०२५ च्या शासन निर्णयाने मराठी आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळांत पहिली ते पाचवी हिंदी ही तिसरी भाषा अनिवार्य केली. विरोध झाला. १७ जूनला सुधारित निर्णय आला. त्यात 'अनिवार्य' गेलं आणि 'सर्वसाधारणपणे' आलं. हिंदीऐवजी दुसरी भारतीय भाषा हवी असेल तर एका इयत्तेत किमान वीस विद्यार्थी हवेत, अशी अट घातली. ज्यांना शाळांचा पट माहीत आहे त्यांना या अटीचा अर्थ लगेच कळला: जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत एका वर्गात वीस मुलंच नसतात. २९ जूनला, पावसाळी अधिवेशनाच्या आदल्या दिवशी, दोन्ही निर्णय मागे घेतले गेले आणि नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ५ जुलैला वरळीत विजयी मेळावा झाला. दोन्ही ठाकरे बंधू जवळपास वीस वर्षांनी एका व्यासपीठावर आले. टीव्हीवर तेवढंच दिसत राहिलं आणि या लढ्यात आधीपासून राबलेले शिक्षक, पालक आणि भाषा-कार्यकर्ते मागच्या रांगेत गेले, याचं मला वाईट वाटतं.

कायद्याच्या भाषेत या दोन गोष्टींचा संबंध नाही. अभिजात दर्जा संस्कृती मंत्रालयाचा, शाळेचं वेळापत्रक राज्याच्या शिक्षण खात्याचं. दर्जा असल्यामुळे कुठल्या भाषेची सक्ती थांबत नाही आणि सुरूही होत नाही.

पण मुळात वाद हिंदीशी नव्हता, हे पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. महाराष्ट्रात पाचवीपासून हिंदी कित्येक पिढ्या शिकल्या आहेत, मीही शिकले. वाद सहा वर्षांच्या मुलाच्या दप्तराशी होता. ज्या वयात घरची बोली आणि शाळेची मराठी यांचीच सांधेजोड चाललेली असते, त्यात इंग्रजी आहेच, तिथे तिसरी भाषा कशाला? राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्येही कोणती भाषा लादली जाणार नाही, निवड राज्यांची, प्रदेशांची आणि विद्यार्थ्यांची असेल, असंच म्हटलेलं आहे. निर्णय मागे गेला ते बरं झालं. शिक्षकांशी आधी बोलून मग शासन निर्णय काढण्याची सवय लागली तर आणखी बरं.

शाळांत मराठी सक्तीचा कायदा आहे ना?

आहे, २०२० चा. सर्व मंडळांच्या, सर्व माध्यमांच्या शाळांना तो लागू आहे आणि उल्लंघनाला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. करोनानंतर काही तुकड्यांना गुणांऐवजी श्रेणीची सवलत मिळाली आणि अनेक शाळांनी त्यातून 'मराठी म्हणजे निम्मा विषय' हाच अर्थ काढला. ज्या विषयाला गुण नाहीत त्याच्या तासाला शिक्षक पाठवायचा की नाही, हे मुख्याध्यापक किती सहज ठरवतात ते पालक म्हणून मी पाहिलं आहे.

गोव्यात किंवा बेळगावात याने काही बदलेल का?

नाही. गोव्याच्या १९८७ च्या राजभाषा कायद्यानुसार कोकणी राजभाषा आहे आणि मराठीचा शासकीय कामासाठी वापर करता येतो. मराठीलाही राजभाषा करा ही मागणी तिथे जुनी आहे, पण अभिजात दर्जाने तिचा निकाल लागत नाही. सीमाभागाचा दावा सर्वोच्च न्यायालयात आहे आणि तो वेगळ्याच मुद्द्यांवर आहे. उत्साहाच्या भरात दोन्हीकडे या दर्जाचा दाखला दिला गेला. कोकणीशी आपलं बहिणीचं नातं आहे. आपल्या आनंदाने तिला धसका बसू नये, एवढं भान हवं.

मग या दर्जातून आधी काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?

दोन कामं, आणि दोन्ही हातांनी करायची आहेत.

पहिलं महानुभावांच्या पोथ्यांचं. म्हाइंभटांनी लीळाचरित्र, म्हणजे चक्रधरांचं चरित्र, कसं लिहिलं ते पाहा: गावोगाव फिरून, चक्रधरांना भेटलेल्या माणसांना गाठून, प्रत्येकाची आठवण विचारून. कुणी वेगळं सांगितलं तर तो फरकही नोंदवला. तेराव्या शतकाच्या शेवटी गद्यात असं काम झालं. पुढे धामधुमीत मूळ प्रत गेली आणि पंथीयांनी आठवणीतून ती पुन्हा उभी केली, असं परंपरा सांगते. म्हणून पाठभेद पुष्कळ. बऱ्याच पोथ्या सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिपींत आहेत. मठांमध्ये अजून कितीतरी बासनं आहेत. अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, त्याच भूमीत, आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे. तिथल्या मुलांना या पोथ्या वाचता येऊ लागल्या तर मी दर्जा सार्थकी लागला म्हणेन. जुन्या मराठीचा शब्दकोश शं. गो. तुळपुळे यांनी अमेरिकेतल्या अभ्यासक अ‍ॅन फेल्डहाऊस यांच्यासोबत केला, तो १९९९ ला आला. पण त्यात अर्थ इंग्रजीत आहेत. मराठी माणसाला मराठीतून जुनी मराठी उलगडून सांगणारा तसा कोश हातात द्यायला हवा.

दुसरं काम मोडीचं. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे, आहेत. तंजावरला भोसले राजांच्या कारभाराचे मोडी कागद आहेत, बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर सरफोजीराजांनी कोरवून घेतलेला प्रचंड मराठी लेख आहे. ते कागद वाचणारे किती? २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती शिंदे समिती बसली आणि तहसील कचेऱ्यांतून मोडी वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध सुरू झाली. ज्या लिपीला पन्नास-साठ वर्षं कुणी विचारलं नाही, तिच्यावर एका रात्रीत लाखो लोकांच्या दाखल्यांचा निर्णय येऊन ठेपला. माझ्याकडे त्या हिवाळ्यात सत्तरीचे शेतकरी वर्गाला आले होते, काखेत प्लास्टिकच्या पिशवीत पणजोबांचे कागद घेऊन.

मला मोडी शिकायची आहे. किती दिवस लागतात?

अक्षरओळख पंधरा दिवसांत होते. अडचण पुढे येते. मोडीत आधी ओळभर रेघ ओढतात आणि मग हात न उचलता अक्षरं तिला टांगत जातात. शब्द कुठे संपला ते कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा फरक पाळत नाहीत. विरामचिन्हं नाहीत. म्हणून छापील मोडीवर फार वेळ घालवू नका, सरळ हस्तलिखित घ्या. आपल्याच घरचं खरेदीखत किंवा जुनी वही असेल तर उत्तम, कारण गावांची आणि माणसांची नावं आधीच ठाऊक असतात आणि त्यांच्या आधाराने बाकीची ओळ उलगडते. पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि राज्याचं पुराभिलेख खातं वेळोवेळी वर्ग घेतात. २०१४ पासून मोडी युनिकोडमध्ये आहे, त्यामुळे संगणकावर टंकलेखनही होतं.

रोज अर्धा तास दिला तर पहिला कागद साधारण तीन महिन्यांत सुटतो. त्या शेतकऱ्यांपैकी एकांना फेब्रुवारीत पणजोबांची सही सापडली. त्यांनी ती मोठ्याने वाचली, मग पुन्हा वाचली, आणि कागद घडी न घालता तसाच दोन्ही हातांत धरून घरी गेले.